एका शब्दाचा पत्ता

माझ्या अर्जाची फाइल परत आली तेव्हा तिच्यासोबत दोन ओळींचा फ्रेंच निरोप होता. आपण पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज केला आहे, परंतु आपल्या कागदपत्रांत शालान्त परीक्षेपुढचे शिक्षण दिसत नाही, तरी विद्यापीठाच्या पदवीचे प्रमाणपत्र जोडावे, अशा अर्थाचा. मी ते वाक्य चार वेळा वाचले. तीन वर्षांच्या पदवीचे प्रमाणपत्र, सहा सत्रांच्या सहा गुणपत्रिका, शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेले त्यांचे फ्रेंच अनुवाद, प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि त्याखाली सही, असे सगळे मी स्वतःच्या हाताने स्कॅन करून चढवले होते. चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी अनुवादाचे पहिले पान उघडले, आणि माझ्या नावाच्या बरोबर खाली, ठळक अक्षरांत छापलेला शब्द दिसला: बाकालोरेआ.

फ्रान्समध्ये हा शब्द शाळा संपताना द्यायच्या परीक्षेचा आहे. नेपोलियनच्या काळात, १८०८ साली ती परीक्षा सुरू झाली आणि आजही तिथला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी ती देऊनच विद्यापीठाच्या दारात उभा राहतो. विद्यापीठाच्या तीन वर्षांनंतर मिळणाऱ्या पहिल्या पदवीला फ्रान्समध्ये लिसांस म्हणतात. म्हणजे त्या अनुवादानुसार मी नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली मुलगी होते आणि थेट मास्टरच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मागत होते. फाइल परत पाठवणाऱ्याचे काहीच चुकले नव्हते.

अनुवादकाला फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की शब्द बरोबरच आहे. आश्चर्याची गोष्ट अशी की त्यांचेही म्हणणे खरे होते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात विद्यापीठाच्या पहिल्या पदवीला बाकालोरेआ असेच म्हणतात आणि त्यानंतरच्या पदवीला मेत्रीझ. मी फ्रान्ससोबत त्याच प्रांतातील माँट्रियल, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा आणि बेल्जियममधील लुव्हाँ-ला-नव्ह इथेही अर्ज करत होते. खर्च वाचावा म्हणून सगळ्यांसाठी एकच अनुवाद मागितला होता, आणि त्यांच्याकडे दिलेल्या गठ्ठ्यात सर्वांत वर माँट्रियल विद्यापीठाचा अर्ज होता. त्यांनी त्या अर्जाची भाषा उचलली. स्वित्झर्लंडमध्ये हाच शब्द ‘विद्यापीठीय’ असे विशेषण लावून पदवीसाठी चालतो आणि तिथल्या शाळेच्या परीक्षेला मात्युरिते म्हणतात. बेल्जियममध्ये पहिली पदवी घेतलेला तो बाशेलिए. आणि तिथल्या जुन्या पिढीतल्या कोणी स्वतःला लिसांसवाला म्हणवले, तर त्याने आजच्या मास्टरच्या तोडीचे शिक्षण घेतले आहे असे समजायचे. चार ठिकाणी चार अर्थ, आणि भाषा मात्र एक.

मी अनुवाद पुन्हा करून घेतला. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले, आठवडा वाया गेला, आणि तो आठवडा मी अत्यंत अस्वस्थतेत काढला. परंतु परदेशी जाण्यासाठी जे काही मी शिकले त्याची खरी सुरुवात त्या शब्दापासून झाली, असे आज मागे वळून पाहताना वाटते. तोवर फ्रेंच येणे म्हणजे व्याकरण येणे, शब्द येणे आणि उच्चार बरे असणे, एवढीच माझी समजूत होती. त्या शब्दाने मला दाखवले की प्रत्येक शब्दाला पत्ता असतो आणि तो पत्ता माहीत नसेल तर आपले पत्र भलत्याच घरी जाऊन पडते.

गुणांच्या बाबतीतही हेच झाले. माझे बासष्ट टक्के आमच्याकडे प्रथम श्रेणीत मोडतात. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये वीसपैकी गुण देतात, दहाला उत्तीर्ण. फ्रान्समध्ये बाराला ‘बऱ्यापैकी’, चौदाला ‘चांगला’ आणि सोळाच्या पुढे ‘फार चांगला’ असा शेरा मिळतो, आणि साहित्य किंवा भाषाविज्ञानासारख्या विषयांत सोळाच्या पुढे जाणारे विरळाच. जिनिव्हात सहापैकी गुण आणि चारला उत्तीर्ण. माँट्रियलमध्ये अक्षरश्रेणी. मी रात्र-रात्र बसून त्रैराशिके मांडली आणि मग लक्षात आले की ती मांडायची गरजच नव्हती. विद्यापीठे स्वतःच्या पद्धतीने हे पाहतात, त्यांना मूळ गुणपत्रिका आणि तिच्या मागच्या बाजूला छापलेले श्रेणीचे नियम हवे असतात. ती मागची बाजू मी आधी स्कॅनच केली नव्हती. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने ती करावी, हे मी कळकळीने सांगते. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. युरोपातल्या देशांनी १९९९ मध्ये बोलोन्या इथे जी चौकट मान्य केली तिच्यात पहिली पदवी किमान तीन वर्षांची, आणि फ्रान्समध्ये तिच्यानंतर मास्टर दोन वर्षांचा, त्यामुळे तीन वर्षांची पदवी असलेल्याला फ्रान्समध्ये ‘तुमचे एक वर्ष कमी पडते’ असे सहसा ऐकावे लागत नाही.

आता फ्रेंचच का, हे सांगायला हवे, कारण अर्जाच्या प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न मला विचारला गेला आणि त्याचे उत्तर द्यायला मला जवळजवळ वर्ष लागले.

मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी. मराठीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताला ओलांडून पुढे जाता येत नाही. मराठी भाषा कशी घडली यावरचा त्यांचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये आला. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तो अनुवाद माझ्या हाती पडला. आपण ज्या भाषेत जेवायला वाढ म्हणतो, भांडतो, हिशेब करतो, तिच्या एकेका ध्वनीची वंशावळ कोणीतरी सातासमुद्रापार बसून इतक्या आस्थेने मांडली आहे, हे वाचताना मला भरून आले होते. पुढे कळले की ब्लॉक हे भाषापंडित आंत्वान मेये यांचे शिष्य, आणि मेये यांनी पॅरिसमध्ये फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने ऐकलेली. ज्या सोस्यूर यांचे नाव भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला ऐकायला मिळते, त्यांचा स्वतःचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतमधील सती षष्ठीच्या, म्हणजे षष्ठी विभक्तीच्या एका वाक्यरचनेच्या, प्रयोगावर होता, आणि पुढे ते जिनिव्हात संस्कृत शिकवत. संस्कृतपासून जिनिव्हा, जिनिव्हा आणि पॅरिसपासून मराठी, असा एक धागा होता आणि मला तो त्याच्या मूळ भाषेत हाताळायचा होता.

हे मी आज चार ओळींत लिहिले. माझ्या पहिल्या प्रेरणापत्रात यातले काहीही नव्हते.

फ्रेंच विद्यापीठांना अर्जासोबत एक पानाचे प्रेरणापत्र लागते. त्यांच्या एत्यूद आँ फ्रान्स या प्रणालीत सात अभ्यासक्रम निवडता येतात आणि प्रत्येकासाठी तिथे जाण्याची कारणे स्वतंत्र लिहायची असतात. मी आधी भाषेची परीक्षा उरकली होती. सी-१ या वरच्या पातळीच्या डाल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत अडीच तासांचा लेखनाचा भाग असतो. त्यात मिळून सुमारे हजार शब्दांचे दोन-तीन लेख वाचून त्यांचे सार सव्वादोनशे शब्दांच्या आसपास बसवायचे, आणि त्या सारात स्वतःचे मत एका शब्दानेही येऊ द्यायचे नाही. मत मांडायला पुढे वेगळा निबंध असतो. ही शिस्त मला फार अवघड गेली, कारण दुसऱ्याचे म्हणणे सांगता सांगता आपले म्हणणे त्यात मिसळून देण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. तरीही परीक्षा पार पडली आणि मला वाटले, आता पत्र म्हणजे हातचा मळ.

पत्र लिहून झाल्यावर मी ते आमच्या फ्रेंचच्या बाईंना दाखवले. ‘लहानपणापासून मला भाषांची ओढ आहे’ या वाक्याने ते सुरू होत होते. मग आजीच्या ओव्या, मग शाळेतले वक्तृत्व, मग फ्रान्सची थोर संस्कृती, मग त्या विद्यापीठाची जगभर पसरलेली कीर्ती. बाईंनी लाल पेन्सिल घेतली, पहिल्या तीन परिच्छेदांभोवती एक मोठा कंस काढला आणि समासात एकच शब्द लिहिला: प्रॉब्लेमातीक, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

“नमनालाच घडाभर तेल घातलंस,” त्या म्हणाल्या. “वाचणाऱ्याला तुझी ओढ नको आहे, तुझा प्रश्न हवा आहे. तो कुठे आहे यात?”

प्रॉब्लेमातीक या शब्दाचे भाषांतर ‘समस्या’ असे केले तर सगळेच बिघडते. समस्या म्हणजे अडचण. ती सुटली की संपली. प्रॉब्लेमातीक म्हणजे प्रश्नाची मांडणी: एखादी गोष्ट वरवर सरळ दिसते, पण तिच्यात दोन बाबी एकमेकींशी जुळत नाहीत, त्या का जुळत नाहीत हे विचारणे. फ्रेंच मुले शाळेत निबंध लिहितात तेव्हापासून त्यांना हे शिकवले जाते, आणि मास्टरच्या अर्जाचे वाचन करणारा प्राध्यापक पानावर सर्वांत आधी तेच शोधतो. मी बाईंना म्हणाले, “बाई, मला मराठीचा इतिहास अभ्यासायचा आहे.” त्या म्हणाल्या, “तो विषय झाला. तुला मराठीत नेमकं काय खटकतं ते सांग.”

मी बराच वेळ गप्प बसले. मग मला ‘जग’ आठवला.

मराठीत ‘जग’ असे लिहून ठेवले तर तो शब्द कसा वाचायचा हे कागदावरून कळत नाही. दुनिया या अर्थाचा जग म्हणताना जीभ टाळूला लागते. ‘तू शंभर वर्षे जग’ म्हणताना तीच जीभ पुढे सरकते, दातांच्या मुळाशी जाते. पाण्याचा जग पुन्हा टाळूवर. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि तरीही कोणताही मराठी माणूस यात कधी चुकत नाही. ‘माझा’ म्हणा आणि लगेच ‘माझी’ म्हणा, जिभेची जागा बदलते ते आपल्याला जाणवतसुद्धा नाही. जुन्या मराठी शब्दांत याची व्यवस्था बरीचशी पुढच्या स्वरावर अवलंबून आहे: पुढे इ किंवा ए आला की तालव्य उच्चार, अ, आ, उ, ओ असेल तर बहुधा दंततालव्य. ब्लॉक यांनी या व्यवस्थेचा विचार केलेलाच आहे. पण संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द ती व्यवस्था पाळत नाहीत, आणि इंग्रजीतून आलेले ‘जॉब’ किंवा ‘चॉकलेट’ हेही पाळत नाहीत. मग हे दोन ध्वनी एकाच ध्वनीची दोन रूपे मानायची की उसन्या शब्दांमुळे ते आता पुरते वेगळे झाले आहेत?

बाई ऐकत होत्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, “हे लिही. बाकीचं सगळं काढ.”

काढणे लिहिण्यापेक्षा कठीण असते, याचा अनुभव मी त्या पंधरा दिवसांत घेतला. आजीच्या ओव्या काढताना जिवावर आले. पण नवे पत्र लिहिल्यावर कळले की ओव्या खऱ्या अर्थाने आता आत आल्या होत्या, कारण ते दोन ध्वनी मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकले होते. फक्त त्यांचा उल्लेख करायची गरज राहिली नव्हती. फ्रेंच पत्राची एक ठरलेली चाल असते: आधी ‘तुम्ही’, मग ‘मी’, मग ‘आपण’. तुमच्या विभागात ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा आहे. माझ्याकडे हा प्रश्न आणि ही सामग्री आहे. दोन्ही एकत्र आले तर असे काम होऊ शकेल. या चालीमुळे प्रत्येक विद्यापीठासाठी पत्र वेगळे होत गेले. जिनिव्हाच्या पत्रात सोस्यूर आणि संस्कृत पुढे आले. माँट्रियलसाठी तर पत्राआधी पत्र लिहावे लागले, कारण तिथे संशोधनाच्या मेत्रीझसाठी मार्गदर्शक प्राध्यापकाची तयारी असणे महत्त्वाचे असते, आणि ज्या प्राध्यापकांना मी लिहिले त्यांनी उलट टपाली विचारले की तुमची सामग्री कोणती, बोलणारी माणसे किती आणि कोणत्या वयाची. त्या एका प्रश्नाने माझ्या आराखड्याचा अर्धा भाग तयार झाला.

पत्राच्या शेवटाने मात्र मला निखळ आनंद दिला. फ्रेंच औपचारिक पत्र संपवताना जे वाक्य लिहितात त्याचा शब्दशः अर्थ असा होतो: महोदया, महोदय, माझ्या विशेष आदरपूर्वक नमस्कारांचा आपण स्वीकार करावा अशी मी आपणांस प्रार्थना करते. इंग्रजीवर वाढलेल्या माझ्या सोबतच्या मुलामुलींना हे वाक्य विचित्र वाटायचे आणि ते पाठ करताना त्यांची चिडचिड व्हायची. मला ते पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे लिहून पत्र सुरू करणाऱ्या आणि ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ असे लिहून ते संपवणाऱ्या भाषेत मी वाढले आहे. विनंतीचे अदबशीर वळण दोन्हींकडे सारखेच आहे.

पैशांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल नुसती काळजी करून काही हाती लागत नाही. फ्रान्सने २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांची फी वेगळी केली. मास्टरसाठी ती वर्षाला ३,७७० युरो ठरली, त्याच बाकावर बसणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्याला २४३ युरो होते त्या काळात. हा निर्णय तिथल्या न्यायसंस्थांपर्यंत गेला. उच्च शिक्षण विनामूल्य असण्याचे तत्त्व लागू आहे, मात्र माफक शुल्क घेता येईल, असे संविधान परिषदेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्हटले, आणि १ जुलै २०२० रोजी राज्य परिषद या तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने वाढीव फी वैध ठरवली. मला हा भेद अन्यायाचा वाटतो आणि तो तसा आहे हे मी लिहून ठेवते. परंतु अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना या फीमधून पूर्ण किंवा अंशतः सूट देतात, आणि ती कोण देते हे अर्ज करण्याआधी प्रत्येक विद्यापीठाच्या निर्णयपत्रात पाहायला हवे. व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरो इतकी तजवीज दाखवावी लागे. जिनिव्हाची फी तेव्हा सत्राला ५०० फ्रँक होती, म्हणजे तशी कमी. पण त्या शहरात राहण्याचा खर्च ऐकून माझ्या वडिलांनी वही मिटली, आणि तो पर्याय त्या संध्याकाळी संपला.

त्यानंतर उरली मुलाखत. व्हिसाच्या आधी कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज पाहणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या कार्यालयात ती होते. समोर माझ्याहून थोड्याच मोठ्या वयाच्या एक अधिकारी होत्या, आणि माझी सारी फाइल त्यांच्यासमोर उघडी होती; सर्वांत वर नवा अनुवाद, त्यावर लिसांस हा शब्द. त्यांनी फ्रेंचमध्ये विचारले की ब्लॉक यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७० सालीच झालेला आहे, मराठी अनुवाद तर त्याहून जुना, मग त्यासाठी फ्रान्सला जाण्याचे कारण काय?

हा प्रश्न वर्षभरापूर्वी आला असता तर माझी पाचावर धारण बसली असती. मी सांगितले की ग्रंथ वाचायला मी जातच नाही. ग्रंथ लिहिणाऱ्याने ज्या पद्धतीने प्रश्न विचारले, ती पद्धत अनुवादात येत नाही, ती वर्गात बसून आणि आपले लिखाण खोडून घेऊन शिकावी लागते; आणि त्यांच्या काळात आवाज मुद्रित करून त्याची मिलिसेकंदांत मोजणी करण्याची जी सोय सहज हाती नव्हती, ती आज आहे, तेव्हा त्यांनी कानाने ऐकून लिहिलेले मला यंत्राने मोजून पाहायचे आहे. त्यांनी ते टिपून घेतले. मग पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, ते दोन ‘जग’ एकदा म्हणून दाखवा. मी म्हटले. त्यांनी मागोमाग म्हणून पाहिले आणि दोन्ही वेळा दुनियेचाच जग निघाला. तिसऱ्या खेपेला जीभ पुढे सरकली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो फरक स्वतःच्या तोंडात सापडल्याचे जे हसू उमटले ते मला अजून दिसते.

मे महिन्यात दोन होकार आले आणि तीन नकार. बाकीच्यांकडून त्या सुमारास काहीच कळले नाही. प्रणालीत एकाच विद्यापीठाला अंतिम पसंती देता येते. सियांस द्यु लांगाज म्हणजे भाषाविज्ञान शिकवणाऱ्या ज्या विभागाकडे ध्वनींची प्रयोगशाळा होती आणि ज्याने फीमध्ये सूट दिली होती, त्याच्यापुढे मी खूण केली. फ्रेंचमध्ये मास्टरच्या प्रबंधाला मेम्वार म्हणतात; तो पुल्लिंगी असला की प्रबंध, स्त्रीलिंगी झाला की स्मृती. माझ्या पुल्लिंगी मेम्वारचे नाव मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत कापून निम्मे केले, ‘च’ काढून टाकला आणि फक्त ‘ज’ आणि ‘झ’ ठेवले. दोन वर्षांत एवढेच नीट होईल, असे त्यांचे म्हणणे. सध्या साठीच्या पुढच्या बारा बायकांचे आवाज माझ्याकडे जमा झाले आहेत. प्रत्येकीने ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द दहा-दहा वेळा म्हटले आहेत, आणि त्यांतल्या दोघी ‘माझा’ म्हणतानाही जीभ टाळूलाच लावतात. त्या असे का करतात ते मला अजून उमगलेले नाही. त्यांच्या माहेरची बोली कोणती, हे विचारण्यासाठी मी आज संध्याकाळी त्यांना फोन करणार आहे.